चर तोंडापासून खोदा : पाणथळ शिवारांच्या निचरा योजनांबद्दल खुले पत्र

प्रति,
सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील निचरा योजनांची अंदाजपत्रके करणारे, त्यांना मान्यता देणारे, निविदा काढणारे आणि मोजमापे घेणारे सर्व अधिकारी

विषय : कृष्णा, वारणा आणि पंचगंगा काठच्या पाणथळ जमिनींच्या चर योजनांना होणारा उशीर आणि कामाचा उलटा क्रम

महोदय,

शासनाचे वर्ष बारा महिन्यांचे असते. काळ्या रानात पोकलेन उतरण्याचे वर्ष जेमतेम शंभरेक दिवसांचे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शिवारात ऊस उभा असतो, तोड लांबली तर मार्च उजाडतो, आणि मृगाच्या आधी यंत्र बाहेर काढावे लागते. एकदा पाऊस झाला की काळी माती यंत्राला आत घेते आणि सोडत नाही. म्हणून निचरा योजनेचा उशीर महिन्यांनी मोजण्यात अर्थ नसतो. फाइल पंधरा दिवस रेंगाळली आणि त्या पंधरा दिवसांत मे संपला, तर उशीर एका वर्षाचा झाला.

या पत्रात आम्ही जादा निधी मागत नाही. निधी कमी पडतो हे खरे आहे. पण जिथे तो वेळेवर आला तिथेही चर पुरे झालेले नाहीत, आणि जिथे ते कागदावर पुरे झाले तिथे पाणी हललेले नाही. घोडे पेंड खाते ते कामाच्या क्रमात आणि तळपातळीत.

नेहमीचा प्रवास असा असतो. पावसाळ्यात अंदाजपत्रक तयार होते, दिवाळीच्या आसपास तांत्रिक मान्यता मिळते, डिसेंबरात निविदा निघते, फेब्रुवारीच्या शेवटी कार्यारंभ आदेश हाती पडतो. मध्येच दरसूची बदलली तर सुधारित मान्यतेसाठी फाइल मागे जाते. आचारसंहिता लागली तर सगळेच थांबते. आदेश निघाला तरी संयुक्त मोजणी राहिलेली असते आणि ३१ मार्च दारात उभा असतो. निधी परत जाऊ नये म्हणून यंत्र जिथे जाऊ शकते तिथे नेले जाते, म्हणजे बहुतेक वेळा वरच्या अंगाला. तिथली जमीन कोरडी असते, रस्ता जवळ असतो आणि तक्रारदार कमी असतात.

मग वरचा दीड किलोमीटर चर रेखीव तयार होतो आणि खालचे तोंड गाळाने बुजलेलेच राहते. पूर्वी जे पाणी वरच्या रानांत थबकत, मुरत दोन-चार दिवसांनी खाली यायचे, ते आता काही तासांत येऊन खालच्या शेतात उभे राहते. ज्याच्या जमिनीसाठी योजना मंजूर झाली, त्याचीच जमीन योजनेने जास्त बुडवली. पुढच्या वर्षी दुसऱ्या टप्प्याला तोच शेतकरी आडवा येतो आणि फाइलवर नोंद होते, ‘स्थानिकांच्या विरोधामुळे काम प्रलंबित’. आधी कळस मग पाया अशा पद्धतीने केलेल्या कामाला मिळालेली ती पावती असते. तिला विरोध म्हणणे बरोबर नाही.

चर नदीकडच्या तोंडापासून वर खोदत न्यायचा, हा नियम निविदेच्या अटींत स्पष्ट शब्दांत यायला हवा. काम अर्धवट राहिले तरी खालचा अर्धा भाग उपयोगी पडतो. वरचा अर्धा भाग मात्र एकटा राहिला तर नुकसानच करतो.

वेळापत्रक उलटे मोजून पाहा. १५ फेब्रुवारीला यंत्र तोंडाशी उभे करायचे, तर कार्यारंभ आदेश डिसेंबरअखेर निघाला पाहिजे. त्यासाठी निविदा ऑक्टोबरात आणि तांत्रिक मान्यता ऑगस्टमध्ये व्हायला हवी. तांत्रिक मान्यतेला लागणाऱ्या पातळ्या उभ्या उसात घेता येत नाहीत. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, त्यात पातळी मोजायची दुर्बीण लावून पलीकडची पट्टी दिसत नाही. म्हणजे पातळ्यांचे सर्वेक्षण आदल्या एप्रिल-मे महिन्यातच उरकले पाहिजे. त्यानंतरच्या जुलै-ऑगस्टमध्ये दुसरी फेरी हवी. त्या फेरीला दुर्बीण लागत नाही, गावनकाशा आणि पेन्सिल पुरते. पाणी कुठल्या गटात किती दिवस उभे राहिले आणि कुठल्या मोरीच्या (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेच्या) अलीकडे तुंबले, एवढे नकाशावर उतरवायचे. पाणी सगळ्यात चांगले सर्वेक्षण स्वतः करून दाखवते आणि नेमक्या त्याच दिवसांत शिवारात कुणी नोंद घेणारा नसतो.

आता खोलीबद्दल. निम्म्याहून अधिक योजना फसतात त्या इथेच.

जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांची यंत्रणा आता या भागात नवखी राहिलेली नाही. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने तिचा अभ्यास केला आहे. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट करून ती मोठ्या क्षेत्रावर बसवली आहे. गटातला शेतकरी आपल्या हद्दीत पाइप टाकू शकतो, पण त्या पाइपाचे पाणी जिथे पडायचे तो मुख्य चर शासनाचा असतो. आणि या दोघांची खोली एका माणसाने एका कागदावर मांडलेली नसते.

हिशेब सोपा आहे. ८० मि.मी. व्यासाची शाखा-नळी वरच्या टोकाला १ मीटर खोल सुरू केली आणि ०.२ टक्के उतार दिला, तर १५० मीटर लांबीत ती ३० सें.मी. उतरते. शेवटी ती १.३ मीटरवर येते. तिथे ती मुख्य नळीला जोडायची, म्हणजे मुख्य नळीची सुरुवात साधारण १.४ मीटरवर. मुख्य नळी ०.१ टक्के उताराने ५०० मीटर गेली की आणखी ५० सें.मी. खाली, म्हणजे १.९ मीटर. नळीचे तोंड चरातल्या नेहमीच्या पाण्याच्या वर किमान ३० सें.मी. असावे, आणि चरात नेहमी २० सें.मी. तरी पाणी वाहत असते. बेरीज २.४ मीटर होते. जमीन सपाट धरली तर चर इतका खोल हवाच. सपाट नसेल तर त्यानुसार कमी-जास्त.

प्रत्यक्षात अंदाजपत्रकात चर १.५ मीटर खोल धरलेला असतो. का, तेही उघड आहे. तळाशी १ मीटर रुंदी आणि बाजूंना दीडास एक उतार धरला, तर १.५ मीटर खोलीला प्रत्येक धावत्या मीटरमागे सुमारे ४.९ घनमीटर खोदाई होते. २.४ मीटर खोलीला ती ११ घनमीटर होते. वरची रुंदी ५.५ मीटरवरून ८.२ मीटरवर जाते, म्हणजे जमीनही जास्त लागते आणि बांधकऱ्यांच्या सह्याही जास्त. खर्च दुपटीच्या वर जातो आणि मंजुरीची पायरी बदलते. म्हणून खोली कापली जाते. कापलेल्या खोलीचा चर पावसाचे वरचे पाणी थोडेफार नेतो, पण शेताखालच्या नळीचे तोंड बारा महिने पाण्यात बुडवून ठेवतो. शेतकऱ्याने कर्ज काढून टाकलेली नळी दोन वर्षांत गाळाने भरते आणि गावात बोलले जाते, ‘पाइप टाकून काही उपयोग होत नाही.’ दोष पाइपाचा नसतो.

२.४ मीटर परवडत नसेल तर त्यालाही मार्ग आहे. चर उथळ ठेवा, मुख्य नळ्या एका हौदात सोडा आणि हौदातले पाणी पंपाने चरात टाका. ४० हेक्टरच्या गटाचा भूमिगत निचरा दिवसाला २ मि.मी. धरला, तर रोज ८०० घनमीटर पाणी येते. सोळा तास पंप चालला तर सेकंदाला साधारण १४ लिटर. चार मीटर उचलायला तीन अश्वशक्तीचा पंपही भरपूर झाला. एवढ्याशा पंपासाठी वीजजोडणीचा अर्ज मात्र योजनेच्या आराखड्यात नसतो, तो हौद बांधून झाल्यावर कुणाला तरी आठवतो. हौद दोन वर्षे कोरडा उभा, शेजारचे शेत ओले.

नदीचा विचार केल्याशिवाय तोंडाची पातळी ठरत नाही. या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ओळीने आहेत. पावसाळा संपला की पाणी अडवायला त्यांत बर्गे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घालतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढतात. ऑक्टोबर ते मे या काळात नदीची पातळी त्यामुळे बंधाऱ्याच्या साठापातळीला टेकलेली असते. अंदाजपत्रकातली नदीपातळी मात्र पुष्कळदा बर्गे नसतानाच्या दिवसांतली, मेअखेरच्या एखाद्या सोयीच्या तारखेची असते. मग चराचे तोंड कागदावर नदीच्या वर आणि जागेवर पाण्याखाली, तेही नेमके त्या आठ महिन्यांत, जेव्हा पाऊस नसतो आणि जमिनीतले क्षार उतरवायची संधी असते. प्रत्येक चराच्या अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर दोन आकडे शेजारी शेजारी हवेत : खालच्या बंधाऱ्याची साठापातळी आणि चराच्या तोंडाची तळपातळी. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा असेल तर ते अंदाजपत्रक परत पाठवा, किंवा त्यात हौद आणि पंप धरा.

तोंडाशी उलट्या पाण्याला अडवणारी झडपही बसवता येते. पूर काठावरून येण्याआधी ओढ्यातून उलटा आत येतो, हे काठच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. झडपेने लहान-मध्यम पुरात दोन-चार दिवस मिळतात. मात्र तिच्या बिजागरीत ओंडका किंवा गाळ अडकला की ती अर्धी उघडी राहते आणि नसल्यासारखीच होते, म्हणून पावसाळ्याआधी आणि प्रत्येक पुरानंतर तिच्याकडे माणूस जायला हवा. महापुरात तिचा काही उपयोग नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेव्हा सगळे मैदान नदीच असते. निचरा योजना महापूर थांबवते असे कुणी सांगत असेल तर ते खोटे आहे. पूर ओसरल्यावर शेतातले पाणी चार दिवसांत जाते की चाळीस, एवढेच ती ठरवते. सोयाबीनची मुळे दोन-तीन दिवसांत गुदमरतात, ऊस त्याहून पुष्कळ जास्त सोसतो. म्हणून तो ‘एवढेच’ लहान नाही.

जाता जाता एक. २०१९ च्या महापुरानंतर पुराच्या कारणांचा अभ्यास करणारी वडनेरे समिती झाली, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीवर वाद झाले, अजून होतात. दोन राज्यांमधला तो प्रश्न त्याच्या जागी. गावओढ्यावरची मोरी मात्र दुसऱ्या राज्याने बांधलेली नाही.

मोऱ्यांचे गणित लोकांना आणि, माफ करा, काही अभियंत्यांनाही फसवते. १०० हेक्टरच्या शिवारावर एका दिवसात १०० मि.मी. पाऊस झाला तर १ लाख घनमीटर पाणी पडले. त्यातले निम्मे वाहून जाणार आणि तीन दिवसांत बाहेर काढायचे असे धरले, तर सेकंदाला सुमारे १९० लिटर पाणी जायला हवे. ६०० मि.मी. व्यासाची सिमेंट नळी हजारास एक उताराला, पूर्ण स्वच्छ असेल तर, जवळपास तेवढेच नेते. १०० हेक्टरला ती जेमतेम पुरते, २५० हेक्टरला नाही. पण व्यास दीडपट केला, ९०० मि.मी. घेतला, तर क्षमता जवळजवळ तिप्पट होते. ६०० च्या दोन नळ्या शेजारी घालण्यापेक्षा ९०० ची एक कितीतरी बरी. गाळाचेही तसेच. नळी निम्मी गाळाने भरली की क्षमता निम्मी राहत नाही, ती तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते.

व्यासापेक्षाही मोठी चूक बैठकीच्या, म्हणजे मोरीच्या तळाच्या, पातळीची असते. मोरी रस्त्याचे काम करणाऱ्याने बांधलेली असते, त्याच्या दृष्टीने ती रस्त्याचा भाग असते. त्यामुळे तिची बैठक चराच्या नियोजित तळापेक्षा कधी अर्धा, कधी एक मीटर उंच राहते. चर खोल केला तरी मोरीच्या अलीकडे पाण्याचे टाके होते. चर एका विभागाचा, रस्ता दुसऱ्याचा, गावरस्ता तिसऱ्याचा. योजनेत मोरी बदलण्याची तरतूद नसते आणि रस्तेवाल्यांकडे त्या वर्षी त्या मोरीसाठी निधी नसतो. चराच्या लांबीतल्या प्रत्येक मोरीची बैठक-पातळी मोजून ती चराच्या लांबीछेदावर (लांबीभर तळाच्या पातळ्या दाखवणाऱ्या नकाशावर) दाखवली, तर हे भांडण कागदावरच मिटते. ज्या मोऱ्या उंच आहेत त्या चराच्याच अंदाजपत्रकात धरा आणि संबंधित विभागाचे ना-हरकत पत्र निविदेआधी घ्या, निविदेनंतर नव्हे.

खोदाईच्या वेळी काय बिघडते, तेही लिहून ठेवतो. काढलेली माती काठालगत टाकली की तिच्या वजनाने पहिल्याच पावसात बाजू चरात बसते. चराच्या खोलीइतके तरी अंतर सोडून माती टाकावी. मातीचा सलग ढिगारा केला की शेतातले पाणी चरात यायला वाटच उरत नाही. दर चाळीस-पन्नास मीटरवर फट ठेवून तिथे तिरकी नळी बसवावी, नाहीतर त्या फटीतून घळ पडते आणि तिची माती चरातच येते. ओढ्याच्या वळणावर दगडी पिचिंग नसेल तर बाहेरचा काठ दोन पावसाळ्यांत जातो.

पाइपांच्या कामात बहुतेक दोष उताराचे असतात. जेसीबीने खणलेल्या खंदकाचा तळ लाटेसारखा खालीवर होतो. नळी जिथे खोलगट बसते तिथे गाळ साठतो, जिथे उंच बसते तिथे हवा अडकते. लेझर लावलेले यंत्र मिळत नसेल तर दर दहा मीटरला ऑटो लेव्हलने तळ तपासल्याशिवाय नळी टाकू देऊ नये. नळीही तोंडाकडून वर टाकत न्यायची. चोपण (सोडियम वाढलेल्या) मातीतले कण पाण्यात सुटे होऊन छिद्रांतून आत शिरतात, म्हणून नळीला कृत्रिम धाग्याचे गाळणी-वेष्टन लागते. ते फाटलेले नळीचे भेंडोळे खंदकात जाता कामा नये. तोंडाकडचे शेवटचे पाच-सहा मीटर छिद्रे नसलेली नळी वापरावी आणि टोकाला उंदीर-खेकड्यांसाठी जाळी बसवावी. नळ्या जोडतात तिथे तपासणीचा हौद हवा, नाहीतर चोंदले कुठे हे शोधायला पुन्हा सगळे रान उकरावे लागते. आणि ओल्या मातीत खंदक खणू नये. काळी माती ओली असताना यंत्राच्या बादलीने चोपली जाते, खंदकाच्या भिंती गिलावा केल्यासारख्या बंद होतात आणि नळीपर्यंत पाणी येतच नाही. मृगानंतर ‘उरलेले काम पटकन उरकू’ म्हणून टाकलेल्या नळ्या बहुधा अशाच वाया जातात. त्यापेक्षा काम थांबवलेले बरे.

उशिराने जमिनीचे काय होते, हे पंचनाम्यात येत नाही. सिंचनाच्या पाण्याची विद्युत वाहकता १ डेसीसिमेन्स प्रति मीटर असेल तर त्याच्या लिटरमागे सुमारे ६४० मि.ग्रॅ. क्षार असतात. अशा पाण्याच्या १,००० मि.मी. पाळ्या एका हेक्टरला दिल्या की ६ टनांहून जास्त क्षार त्या जमिनीत आले. उसाला मोकाट पाणी देणाऱ्याचे याहून जास्त. निचरा असेल तर ते खाली उतरून निघून जातात. भूजल एक-दीड मीटरवर उभे असेल तर उन्हाळ्यात ते केशाकर्षणाने वर चढतात आणि पांढरा थर दिसू लागतो. जमीन नुसती खारवट असेपर्यंत, म्हणजे वाहकता ४ च्या वर पण सामू (पीएच) ८.५ च्या आत, चांगला निचरा आणि गोडे पाणी एवढ्यावर भागते. एक फूट जमिनीला एक फूट पाणी मुरवून खाली काढले की तिच्यातले साधारण ८० टक्के क्षार जातात. मातीच्या कणांवर सोडियम बसून त्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले की जमीन चोपण होते. मग आधी माती परीक्षणानुसार जिप्सम, मग ताग-धैंचा, मग पाणी, आणि तरीही वर्षे लागतात. खारवट जमिनीची योजना पाच वर्षे रखडली तर कधीकधी ती हाती येते तेव्हा जमीन दुसऱ्याच वर्गात गेलेली असते आणि अंदाजपत्रकात जिप्समचा रकानाच नसतो. म्हणून तीन वर्षांहून जुन्या माती अहवालावर तांत्रिक मान्यता देऊ नये, नव्याने नमुने घ्यावेत. हा जादा उशीर नाही. नमुने पावसाळ्याआधी, पातळ्यांच्या सर्वेक्षणाबरोबरच घेता येतात.

अतिक्रमणाबद्दल बोलताना शेतकऱ्यांची बाजू घेऊन गप्प बसणे बरे नव्हे. गावनकाशात दिसणारे ओढे जागेवर नांगरून टाकलेले आहेत, काहींवर ऊस उभा आहे, काहींत भराव टाकून बांधकामे झाली आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली पाण्याच्या नैसर्गिक वाटेतला अडथळा तहसीलदार काढायला लावू शकतात, पण त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा यावा लागतो. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ मध्येही निचऱ्याच्या कामांसाठी तरतुदी आहेत. एकट्या शेतकऱ्याने बांधकऱ्यावर दावा लावायचा, ही अपेक्षा गावात चालत नाही. त्याच माणसाच्या बांधावरून त्याला रोज जायचे असते. भूमी अभिलेखकडून ओढ्याची हद्द कायम करून देण्याचे काम योजनेच्या खर्चातून, सर्वेक्षणाच्याच हंगामात झाले पाहिजे. हद्दीचे दगड रोवलेले असले की निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

देयकाची पद्धत बदला, ही आमची सगळ्यात आग्रहाची मागणी. आज ठेकेदाराला घनमीटरवर पैसे मिळतात. घनमीटर जिथे सोपे तिथे तो खोदणारच, त्यात त्याचा काय दोष? देयक तळपातळीवर द्या. तोंडापासून सलग, दर ३० मीटरला नियोजित तळ मिळाला असेल तेवढ्याच लांबीचे पैसे. मध्ये एक मोरी उंच राहिली तर तिच्या वरच्या लांबीचे देयक रोखलेले. मोजमाप पुस्तिकेत घनमीटरबरोबर पातळीचा रकाना आला तरी पुरे. अक्षांश-रेखांश छापलेली छायाचित्रे आता प्रत्येक फाइलला जोडलेली असतात. त्यांत यंत्र दिसते, माती दिसते, हसरा पर्यवेक्षक दिसतो. तळाची पातळी छायाचित्रात दिसत नाही. प्रत्येक चरावर दोन-तीन ठिकाणी मोरीच्या भिंतीवर पातळीखूण रंगवून आकडा लिहिला, तर दुर्बीण चालवता येणारा कुणीही तळ तपासू शकेल.

देखभालीचा खर्च योजनेच्या मंजुरीत नसतो. पाणकणीस, बेशरम आणि जलपर्णी वाढलेल्या चरातून स्वच्छ चराच्या तिसऱ्या हिश्शाएवढेही पाणी मोठ्या मुश्किलीने जाते. वर्षातून दोनदा सफाई लागते : मेमध्ये, आणि पावसाळा संपल्यावर बर्गे घालायच्या आधी. पुरानंतर शेतात तीन इंचांवर गाळ बसला तर मदतीच्या निकषांत तो काढण्यासाठी रक्कम आहे. चराच्या तोंडाशी तीन फूट गाळ बसला तर पंचनाम्याच्या तक्त्यात सहसा त्याला जागा नसते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी तोंडे किती बुजवली, याची पातळीसकट नोंद झाली असती, तर आजच्या निम्म्या योजनांना नव्या अंदाजपत्रकाऐवजी गाळ काढण्याचा आदेश पुरला असता.

परिणाम मोजायला महागडी यंत्रे लागत नाहीत. दोन मीटर लांबीची, छिद्रे पाडलेली पीव्हीसी नळी उभी गाडली की भूजल किती खाली आहे ते काठीने मोजता येते. चराच्या दोन्ही अंगांना दर शंभर-दोनशे मीटरवर अशा नळ्या, पंधरवड्याला एक नोंद. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या विहिरी मोठ्या क्षेत्राचे चित्र देतात, उसाच्या मुळाशी काय चालले आहे ते या नळ्या सांगतात. काम सुरू होण्याआधीच्या एका वर्षाच्या नोंदी असल्याशिवाय योजना ‘यशस्वी’ ठरवू नका आणि ‘अयशस्वी’ही ठरवू नका.

कृष्णा खोऱ्यातील पुराच्या पाण्याच्या नियोजनासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याचा कार्यक्रम शासनाने हाती घेतला आहे. पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याच्या मोठ्या कामांबरोबर गावओढ्यांची तोंडे आणि मोऱ्या त्यात बसवता येतात का, हे आजच तपासायला हवे. मोठ्या आराखड्यात लहान ओढा मागाहून घालायला गेले की त्याला कधीच जागा मिळत नाही.

तूर्त एवढे करावे. येत्या फेब्रुवारीत ज्या चरांवर यंत्र जायचे आहे त्यांची यादी ३१ ऑक्टोबरपर्यंत तहसील कार्यालयात आणि संबंधित ग्रामपंचायतींत लावावी. यादीत चराचे नाव, तोंडाची तळपातळी, खालच्या बंधाऱ्याची साठापातळी, लांबीतल्या मोऱ्यांच्या बैठकींच्या पातळ्या आणि काम कुठल्या टोकाकडून सुरू होणार, हे लिहिलेले असावे. ज्या चराचे हे आकडे तयार नसतील त्यावर यंदा यंत्र पाठवू नये, सर्वेक्षण पथक पाठवावे.

आपले,
कृष्णा, वारणा आणि पंचगंगा काठच्या पाणथळ शिवारांत निचऱ्याचे काम करणारे काहीजण